उपचार करणाऱ्यांचीही मतं असतातच की!

मानसोपचाराला जायचं म्हटलं की अजूनही शेजारीपाजारी कुजबुज होते. ते असो. पण मैत्रिणींनो, मन मोकळं करायला आपण ज्यांच्यासमोर बसतो, त्यांनाही घरदार आहे, मतं आहेत, याचा विचार कधी केलाय का तुम्ही? सासूबाईंचं किती ऐकावं, तिशी उलटलेली लेक लग्नाला नाही म्हणते ते बरं की वाईट, याबद्दल त्यांनाही काही वाटतंच. ते वाटणं तुमच्या दुःखात मिसळलं तर?

समजा, नवरा हात उगारतो म्हणून एखादी जीव मुठीत धरून गेली आणि उत्तर मिळालं, 'थोडं सांभाळून घ्या.' हा उपचार नव्हे, हा आजीबाईंचा उपदेश. (आजींचा मान राखूनच म्हणते हं!) पण पहिल्याच भेटीत 'सोडा त्याला' असं फर्मान काढणं, हेही त्यातलंच. तिच्या जिवाला धोका किती, हे आधी विचारायला हवं. संसाराचा निर्णय मग तिचा तिने घ्यायचा.

अमेरिकेतले कार्ल रॉजर्स म्हणत, वाट ज्याची त्यानेच शोधायची, उपचारकाने नुसती सोबत करायची. त्यांचं यावरचं पुस्तक १९५१ सालचं. अल्बर्ट एलिस मात्र रोखठोक. १९५५ पासून त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट सोडायला लावणारी. मला ती आवडते. पण अविवेकी कशाला म्हणायचं, हे ठरवतानाही कुणाची तरी मूल्यं आलीच ना?

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. समाजातल्या प्रचलित नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक समजुतींशी पटत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे लेकीने परजातीतला मुलगा पसंत केला म्हणून तिच्या 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणायची सोय राहिली नाही! रुग्णाचं बोलणं गुप्त ठेवण्याची जबाबदारीही कायद्याने उपचार करणाऱ्यांवर टाकली आहे. फी नवऱ्याने भरली म्हणून सगळं त्याच्या कानावर घालता येत नाही. मात्र कुणाच्या जिवावर बेतणार असेल, तर तोंड उघडता येतं.

तेव्हा पहिल्या भेटीतच संकोच न करता विचारा: तुमचं शिक्षण काय? माझं बोलणं कुणाला सांगाल, केव्हा सांगाल? राग आला त्यांना, तर दुसरं दार ठोठवा. आणि घराबाहेर पडणंच अवघड असेल, तर सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा फोनवर आहे, पैसे पडत नाहीत.