टक्का मतांचा, बातमी जागांची

२० नोव्हेंबर २०२४. महाराष्ट्रातलं मतदान संध्याकाळी सहाला संपलं आणि साडेसहाला निवडणूक आयोगाची बंदी उठली. झारखंडच्या पहिल्या टप्प्यापासून, म्हणजे १३ नोव्हेंबरच्या सकाळी सातपासून एक्झिट पोल दाखवायला मनाई होती. ती उठल्याबरोबर वाहिन्यांवर आकडे धावू लागले. मॅट्रिझनं महायुतीला १५० ते १७० जागा दिल्या, पी-मार्कनं १३७ ते १५७, पीपल्स पल्सनं १७५ ते १९५. दैनिक भास्करच्या अंदाजात महाविकास आघाडी १३५ ते १५० जागांसह पुढे होती. पोल डायरीनं महायुतीला १२२ ते १८६ दिल्या. बहुमताला १४५ लागतात. १२२ म्हणजे पराभव, १८६ म्हणजे दणदणीत विजय. एकाच अंदाजात दोन्हींची सोय! दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सिस माय इंडियानं १७८ ते २०० सांगितलं. २३ तारखेला मोजणी झाली तेव्हा भाजपला १३२, शिंदेंच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या होत्या. एकूण २३०. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०, एकूण ४६.

कोण जिंकणार हे बहुतेकांनी बरोबर सांगितलं होतं, किती फरकानं हे कुणालाच नाही. अशा वेळी ‘सर्वेक्षणं विकली जातात’ हे उत्तर तोंडाशी तयार असतं. पण खरं पाणी मुरतं ते दुसरीकडेच. चाचणी मोजते मतांची टक्केवारी आणि बातमी होते जागांची. या दोहोंमध्ये जो हिशेब होतो, तो प्रेक्षकाला कधी दाखवलाच जात नाही.

आधी मोजणीचं बघू. शितावरून भाताची परीक्षा होते, हे संख्याशास्त्रालाही मान्य आहे. अट एवढीच की शीत कुठूनही, न निवडता उचललेलं असावं. हजार मतदार असे यादृच्छिक पद्धतीनं निवडले, तर टक्केवारीतली चूक साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे राहते. ती निम्मी करायची तर मतदार चौपट लागतात. शिवाय दोन आघाड्यांमधल्या फरकात ही चूक जवळजवळ दुप्पट होते, कारण एकीची मतं जास्त धरली गेली की दुसरीची बहुधा कमी धरली जातात. आता दहा हजारांचा घसघशीत नमुना घेतला, तरी २८८ मतदारसंघांत वाटल्यावर एका मतदारसंघाच्या वाट्याला पस्तीसच माणसं येतात. त्यामुळे राज्याचा टक्का सांगता येतो, विदर्भाच्या ६२ किंवा मराठवाड्याच्या ४६ जागांचा कल थोडी जोखीम घेऊन सांगता येतो. एखाद्या मतदारसंघाचा निकाल मात्र नाही. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले, मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली. असे निकाल कुठल्याच नमुन्यात सापडत नाहीत.

टक्क्यांवरून जागा काढताना खरी कसोटी लागते. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांमधलं अंतर एक-दीड टक्क्याच्या आत होतं, तरी जागा महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ अशा पडल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना सुमारे ४८ टक्के आणि आघाडीच्या तिघांना सुमारे ३४ टक्के मतं मिळाली, आणि सभागृहातल्या ८० टक्के जागा महायुतीकडे गेल्या. ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, या आपल्या पद्धतीत एका बाजूची पाच टक्के मतं दुसरीकडे सरकली, तर दहा टक्क्यांपर्यंतच्या फरकाच्या सगळ्या जागा पलटू शकतात. अ‍ॅक्सिसनं मतांचा अंदाज ४८ विरुद्ध ३७ असा दिला होता, म्हणजे महायुतीचा टक्का जवळपास अचूक आणि आघाडीचा तीनेक टक्क्यांनी जास्त. एवढ्यावर जागांचा अंदाज वरच्या टोकालाही तीसनं मागे राहिला.

भाजपचेच तीन निकाल शेजारी ठेवून पाहा. २०१४ मध्ये युती तुटली होती. पक्षानं २६० जागा लढवल्या, २७.८ टक्के मतं आणि १२२ जागा मिळवल्या. २०१९ मध्ये शिवसेनेबरोबर १६४ लढवून २५.७ टक्के मतांवर १०५. २०२४ मध्ये १४९ लढवून २६.८ टक्के मतांवर १३२. म्हणजे २०१४ पेक्षा टक्का एकनं कमी आणि जागा दहानं जास्त. पक्ष किती ठिकाणी लढतो, समोरची मतं एकवटतात की फुटतात, यावर सगळं अवलंबून. हे आपल्याकडे फार आधी ओळखलं गेलं होतं. प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड बटलर यांनी १९८० च्या दशकात विरोधकांच्या ऐक्याचा निर्देशांक वापरला. विरोधी मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधकाकडे किती टक्के गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतल्या लोकनीतीच्या सर्वेक्षणांसाठी संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर यांनी एकेका मतदारसंघात जिंकण्याची शक्यता काढून त्यांची बेरीज करण्याची रीत वापरली. पण २०२४ च्या महाराष्ट्रात दोन पक्षांची चार शकलं झालेली, रिंगणात ४,१३६ उमेदवार, त्यात बंडखोर आणि अपक्ष. मागच्या निवडणुकीचा आधार घ्यायचा तर कुठल्या शिवसेनेची मतं कुठल्या खात्यावर मांडायची?

चूक नेहमी एकाच बाजूला झुकते असंही नाही. २०१९ मध्ये बहुतेक चाचण्यांनी भाजप-शिवसेनेला दोनशेच्या वर बसवलं होतं, इप्सॉसनं तर २४३ वर. प्रत्यक्षात आल्या १६१. तेव्हा १६६ ते १९४ सांगणारी अ‍ॅक्सिसच त्यातल्या त्यात जवळ होती.

याच्याही आधी प्रश्न येतो तो दारावरचा. सर्वेक्षक कुणाशी बोलला? शहरातल्या मोठ्या सोसायट्यांच्या फाटकातून त्याला आत सोडत नाहीत. गावात बाईला विचारावं तर उत्तर घरातला पुरुष देतो. आणि २०२४ मध्ये महिना दीड हजाराच्या लाडकी बहीण योजनेनंतर बाईचंच मत ऐकायला हवं होतं. चारचौघांत, सरपंचाच्या माणसासमोर कुणी मनातलं सांगत नाही. म्हणून लोकनीतीचे सर्वेक्षक मतदारयादीतून निवडलेल्या माणसाच्या घरी जातात, त्याच्या हातात नकली मतपत्रिका देतात आणि ती घडी करून पेटीत टाकायला सांगतात. हे महाग पडतं आणि वेळही खातं. मतदान केंद्राबाहेर घाईत विचारलेल्या प्रश्नाला ही निवांत गुप्तता मिळत नाही.

कायदा यातल्या कशालाच हात लावत नाही. १९९८ मध्ये आयोगानं स्वतःच्या अधिकारात चाचण्यांवर बंधनं घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये आयोगाला ती मागे घ्यावी लागली. मग २००९ च्या दुरुस्तीनं लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२६ अ आलं. पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आकडा कधी दाखवायचा हे कायदा सांगतो. तो कसा काढला हे सांगण्याची सक्ती करत नाही. ब्रिटनमध्ये ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना नमुना, पद्धत आणि तक्ते जाहीर करावे लागतात. आपल्याकडे जागांचा आकडा झळकतो आणि तिथंच माहिती संपते. त्याची किंमत सामान्य माणूसही मोजतो: लोकसभेच्या एक्झिट पोलनंतर ३ जून २०२४ ला शेअर बाजार उच्चांकाला गेला आणि दुसऱ्याच दिवशी, मोजणी सुरू असताना, सेन्सेक्स सुमारे सहा टक्क्यांनी कोसळला.

म्हणून पुढच्या वेळी जागांच्या आधी टक्का विचारावा, मग नमुना, मग निवडीची पद्धत. तीन दिवसांत जागा आयोग मोजूनच सांगणार असतो. त्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही. पण कुठल्या वयाच्या, कुठल्या जातीच्या, किती जमीन असलेल्या माणसानं कुणाला मत दिलं आणि का दिलं, हे मतदान यंत्र कधीच सांगणार नाही. ते सांगू शकते ती नीट केलेली चाचणीच, आणि निकालाच्या गोंगाटात सगळ्यात आधी बाजूला पडतात ते नेमके तेच तक्ते.