पिसाचा किडा, नदीचा मान

गळाला गांडूळ नाही, दोराला शिसं नाही. गळावर दोऱ्याने गुंडाळलेली दोन-चार पिसं आणि चिमूटभर केस, म्हणजे वजन जवळपास शून्य. तरीही फ्लाय फिशिंग करणारा माणूस ते पंधरा-वीस मीटर लांब, हव्या त्या दगडाच्या मागे अलगद उतरवतो. कसं? तो फ्लाय, म्हणजे हा पिसांचा नकली किडा, फेकतच नाही, दोर फेकतो. जाडसर, वजनदार दोर काठीने मागे-पुढे झुलवायचा आणि सोडायचा. फ्लाय त्याच्यामागून आपोआप जाते. अमेरिकेच्या जोन वुल्फ यांनी १९६० साली असा दोर १६१ फूट फेकला होता. तब्बल ४९ मीटर!

दोराचा नंबरही वजनावरूनच ठरतो. पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरलं की तो पाच नंबरचा दोर. शेवटच्या बारीक तंतूचे आकडे मात्र उलटे चालतात: आकडा मोठा, तंतू बारीक. ११ मधून तो आकडा वजा करा, की तंतूची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ‘पाच एक्स’ म्हणजे सहा हजारांश इंच. एवढ्याशा तंतूवर दीड-दोन किलोचा ट्राउट मासा खेळवत काठाशी आणायचा असतो. काठीत ताकदीपेक्षा लवचिकपणा का हवा, ते इथे कळतं.

१८०० वर्षांपूर्वीची लाल लोकर

हा नाद नवा नाही. इसवी सन २०० च्या आसपास रोमन लेखक एलियनने मॅसिडोनियातल्या मासेमारांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तिथल्या नदीवर एक किडा घोंघावायचा आणि मासे तो वर येऊन गिळायचे. खरा किडा गळाला लावायला जावं तर हात लागताच त्याचा रंग जायचा, पंख गळायचे. मग त्या लोकांनी गळाला लाल लोकर गुंडाळली, वर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं लावली आणि मासे फसले. आजही फ्लाय बांधणारा हेच करतो. आधी नदीवर काय उडतंय ते बघायचं, मग तसं काहीतरी बनवायचं.

तोंड नसलेला किडा

या खेळातली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे मेफ्लाय. ट्राउटचं आवडतं खाणं, आणि निसर्गातलं एक आश्चर्य. तिचं बालपण नदीच्या तळाशी, दगडांखाली किंवा गाळात जातं. काही जातींत एक वर्ष, काहींत दोन. मग एके दिवशी ती पृष्ठभागावर येते, कात टाकते आणि पंख पसरून उडते. पंख आल्यावर ती पुन्हा एकदा कात टाकते! पंख फुटल्यानंतर कात टाकणारा आज जगात दुसरा कुठलाही कीटक नाही. प्रौढ मेफ्लायला कामाचं तोंडच नसतं. ती खात नाही, पीत नाही. जोडीदार शोधायचा, अंडी द्यायची आणि संपायचं. बहुतेकींना काही तास ते एक-दोन दिवस मिळतात. अमेरिकेतल्या डोलानिया जातीच्या मादीला तर पाच मिनिटंही मिळत नाहीत. हंगेरीत टिसा नदीवर जूनच्या सुमारास लांब शेपटीच्या मेफ्लाय अशा झुंडीने निघतात, की तिथले लोक नदी फुलली असं म्हणतात आणि ती बघायला काठावर गर्दी करतात.

आता मासेमाराची पंचाईत बघा. एकाच मेफ्लायची तीन रूपं: तळातली, पहिल्या पंखांची धूसर, दुसऱ्या पंखांची चकचकीत. ट्राउट एका वेळी एकाच रूपावर तुटून पडलेला असू शकतो, आणि बाकी दोन नाकासमोरून गेली तरी ढुंकून बघत नाही. इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या टेस्ट आणि इचेन या काचेसारख्या नद्यांवर यावरून मोठा वाद पेटला. फ्रेडरिक हालफर्ड यांनी १८८६ च्या आपल्या पुस्तकातून तरंगत्या फ्लायचा असा पुरस्कार केला, की त्यांच्या अनुयायांना बुडती फ्लाय वापरणं असभ्य वाटू लागलं. जी. ई. एम. स्क्यूज हे पेशाने वकील. त्यांनी हाडातला मगज काढायच्या चमच्याने पकडलेल्या माशाच्या पोटातले किडे काढले, पांढऱ्या बशीत पाण्यात पसरले आणि दाखवून दिलं, की मासा पृष्ठभागाखालीच जास्त जेवतो. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वादविवाद झाला, तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. माझं मत पूर्णपणे स्क्यूज यांच्या बाजूने. माशाला विचारून ठरवलेली गोष्ट माणसांनी ठरवलेल्या शिष्टाचारापेक्षा खरी.

शेगड्यात धरलेला गळ

फ्लाय बांधायला टेबलावर मावेल असा छोटा शेगडा लागतो. त्यात गळ घट्ट पकडायचा आणि त्यावर दोरा, पिसं, केस चढवायचे. सामानाची यादी ऐकण्यासारखी आहे: सशाच्या कानावरचे केस, हरणाचे पोकळ केस (आत हवा असल्यामुळे ते तरंगतात), बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसं. ‘टप्स इंडिस्पेन्सेबल’ या नामांकित इंग्लिश फ्लायच्या मूळ कृतीत चक्क मेंढ्याच्या अंडकोशावरची लोकर होती. दुसऱ्या टोकाला फ्रँक सॉयर. विल्टशायरमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या या माणसाने दोराही बाद केला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. त्याची ही फ्लाय आज जगभर वापरात आहे.

कोंबड्याच्या लांब पिसांना इतकी मागणी आहे, की अमेरिकेतल्या कोलोरॅडोत खास पिसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून कोंबडे वाढवतात. २०११ मध्ये तिकडे मुलींमध्ये केसांत हीच पिसं गुंफायची लाट आली. ब्यूटी पार्लरवाल्यांनी दुकानंच्या दुकानं रिकामी केली आणि मासेमार हात चोळत बसले.

आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. पहाटे जंगलात आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकाकते पिवळसर-पांढरे ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळात सॅमन माशासाठी बांधलेल्या फ्लायवर हे पीस डोळ्यासारखं बसवायची रीत पडली आणि भारतातून या कातड्यांची निर्यात सुरू झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ती बंद केली. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही या पक्ष्याला संरक्षण दिलं. आता इंग्लंडमध्ये हौशी लोक पाळीव रानकोंबड्यांची पिसं वापरतात. हाव मात्र संपत नाही. जून २००९ मध्ये लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका तरुण फ्लायकाराने ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात शिरून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले काही पक्षीही त्यात होते. पिसं कापून विकली गेली, कुठला पक्षी कधी नि कुठे मिळाला हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या बऱ्याच पक्ष्यांवरून गेल्या. विज्ञानाचं ते नुकसान कशानेच भरून येणार नाही.

त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला मेगन बॉइड. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ब्रोरा गावाजवळच्या एका छोट्या घरात ही बाई आयुष्यभर सॅमन फ्लाय बांधत राहिली. तेव्हाचा राजपुत्र चार्ल्स तिचा ग्राहक. १९७१ मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं, तर तिने कळवलं: येता येणार नाही, कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही. जगभरातल्या मासेमारांच्या डब्यांत तिच्या फ्लाय होत्या, आणि तिने स्वतः मात्र एकही सॅमन पकडला नाही.

मासा खालून काय बघतो

पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांची. पलीकडे पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. काठावरचा उंच माणूस त्या खिडकीच्या कडेला दिसतो, वाकलेला माणूस जवळजवळ दिसत नाही. म्हणून मुरलेला मासेमार रांगतो, गुडघ्यावर फेकतो, भडक कपडे टाळतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याच्या मागून, खालच्या अंगाने यायचं.

काठावरची रीत

इंग्रजीत छापलेलं मासेमारीचं पहिलं पुस्तक १४९६ चं. त्यात बारा फ्लाय दिल्या आहेत आणि सोबत वागण्याचे नियमही: कुणाचं कुंपण मोडू नका, फाटक उघडलंत तर लावून घ्या, गरिबाच्या सापळ्यातले मासे काढू नका, एका वेळी फार पकडू नका. सव्वापाचशे वर्षं झाली, यातलं एक वाक्यही खोडावंसं वाटत नाही.

सॅमनच्या डोहावर रांग चालते. एक फेक, मग दोन पावलं खाली. नव्याने येणारा वरच्या टोकाला, सगळ्यांच्या मागे उभा राहतो. मध्येच घुसणं हा मोठा गुन्हा. ट्राउटच्या ओढ्यावर माणूस बहुधा वर सरकत जातो, तेव्हा त्याच्या पुढच्या पाण्यात उतरायचं नाही. काठावर नुसता बसलेला माणूसही मासेमारीच करत असतो, तो पाण्याला विश्रांती देतोय. ते पाणी त्याचंच. चालायचं झालं तर काठापासून दूर, सावली पाण्यावर पडू न देता. थंडीच्या तोंडावर तळाच्या खडीत स्वच्छ, फिकट चट्टे दिसले तर तिथे पाय ठेवायचा नाही, खाली ट्राउटची अंडी असतात. मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करायचे, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच. गळाचा काटा आधीच पकडीने दाबून टाकायचा.

काही रीती कायद्यात गेल्या. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन पकडणं बेकायदा आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात उन्हाळ्यात पाणी तापलं की दुपारी दोन ते मध्यरात्र काही नद्या बंद ठेवतात, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेला मासा सोडला तरी मरतो. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये डिडिमो हे घातक शेवाळ सापडलं. ते नदीतून नदीत जाऊ नये म्हणून २००८ मध्ये बुटांच्या नमद्याच्या तळव्यांवर बंदी आली. जर्मनीत तर केवळ मजेसाठी पकडून सोडणं प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्याविरुद्ध जातं. मासा सोडणं चांगलं की खाणं चांगलं, यावर शेजारी देशांचंही एकमत नाही.

पहलगामपासून महाडपर्यंत

काश्मीरचा ट्राउट मूळचा तिथला नाही. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून जहाजाने आणलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं श्रीनगरजवळ हारवनला वाढवली आणि मग ओढ्यांत सोडली. आज पहलगामच्या लिद्दर नदीवर ‘बीट’, म्हणजे मासेमारीचे टप्पे, पाडलेले आहेत. मत्स्य विभागाचा परवाना घ्यायचा, आपल्या वाट्याच्या बीटवर राहायचं. मराठी पर्यटकांनी पहलगामला घोड्यांइतकाच या नदीकडेही वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

दख्खनचा आपला मासा म्हणजे महासीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. ‘टॉर खुद्री’ हे त्याचं आजचं नाव. महासीरही फ्लायवर झेप घेतो आणि दोर सणसणत ओढतो. महाडजवळ वाळण कोंडात मात्र त्याच्यावर गळ टाकायचा विचारही कुणी करत नाही. तिथले मासे देवीचे. भाविक काठावरून त्यांना खाऊ घालतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावानेच ती शिस्त सांभाळली आहे. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटा पॉवरच्या केंद्रात महासीरची अंडी उबवून पिल्लं वाढवतात आणि तिथून ती दुसऱ्या राज्यांतल्या पाण्यातही सोडायला जातात.