बायकांचा गट कसा चालतो?

आपल्या शेअरच्या पैशावर कारखाना उभा राहतो, तसाच बचतीवर गट. माहूरच्या डोंगरपट्ट्यात कोरडवाहू हंगाम सरला की मजुरी सरते, मग सावकार. गटात दहा ते वीस जणी दरमहा ठरावीक रक्कम टाकतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. सहाएक महिने बैठका, वसुली, हिशेब नीट राहिला की बँकेचं कर्ज मिळू शकतं. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने अशा गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभारली. केंद्राचा खर्च गटांच्या सेवाशुल्कातून निघावा, म्हणजे कारभार बायकांच्याच हाती राहतो, ही त्यामागची कल्पना. आम्हांला ती पटते. मात्र कर्ज तिच्या नावावर अन् पैसे आपल्या खिशात, असं करणारे आपल्यातही आहेत. हप्ता तिलाच भरावा लागतो.