अस्त्राला प्रत्यस्त्र

अग्न्यस्त्र सुटले की त्यावर वरुणास्त्राची योजना करावयाची, हा आपल्या प्राचीन युद्धवर्णनांतील परिचित संकेत आहे. धनुर्धराची विद्या भात्यातील बाणांच्या संख्येवरून जोखली जात नसे. समोरून आलेले अस्त्र ओळखून त्याचे नेमके प्रत्यस्त्र योजण्यात ती दिसून येई. हेच तत्त्व आज मोबाईलवरील एका लोकप्रिय खेळाच्या मुळाशी आहे. तो खेळ म्हणजे ‘पोकेमॉन गो’.

हा खेळ २०१६ च्या जुलैमध्ये सुरू झाला व त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतात आला. गावातून हिंडावे, वाटेत भेटणारे काल्पनिक प्राणी पकडावे आणि त्यांना वाढवावे, असे त्याचे मूळ स्वरूप. २०१७ साली त्यात ‘रेड’ची भर पडली. ठराविक ठिकाणी एखादा बलाढ्य प्राणी अवतरतो आणि जमलेल्या खेळाडूंनी त्याला मुदतीच्या आत नमवावयाचे असते. प्रत्येकाला एका वेळी सहा प्राणी रणात उतरविता येतात. ‘लेजंडरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी ही मुदत अवघी पाच मिनिटांची असते.

नवशिका खेळाडू येथे हमखास एक चूक करतो. प्रत्येक प्राण्यावर ‘सी. पी.’ नावाचा बळाचा आकडा असतो. ज्यांचा आकडा मोठा, असे सहा तो निवडतो. परंतु हा आकडा फसवा आहे. ‘स्लेकिंग’ नावाच्या आळशी प्राण्याचा सी. पी. भल्याभल्यांना मागे टाकणारा. पण त्याचा झटपट हल्ला म्हणजे केवळ जांभई! तिने प्रतिपक्षाचे जवळजवळ काहीच बिघडत नाही.

खरा हिशेब निराळा आहे. या सृष्टीत अग्नी, जल, वनस्पती, विद्युत, हिम, भूमी असे एकंदर अठरा प्रकार आहेत. हल्ला प्रतिपक्षाच्या मर्मी लागणाऱ्या प्रकारचा असेल, तर त्याचा परिणाम १.६ पट होतो. काही प्राणी दोन प्रकारांचे असतात, आणि दोन्ही प्रकार एकाच हल्ल्याला भीत असतील तर १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६ पट परिणाम होतो. उलट, प्रतिपक्ष ज्याला दाद देत नाही असा हल्ला ०.६२५ पटीवर घसरतो. शिवाय हल्ला करणारा प्राणी स्वतः त्याच प्रकारचा असेल, तर आणखी १.२ पट लाभ मिळतो.

‘रेक्वाझा’चे उदाहरण घेऊ. तो ड्रॅगन आणि उड्डाण अशा दोन प्रकारांचा आहे, आणि दोन्ही प्रकार हिमाला भितात. साधारण परिस्थितीत १०० मोजावा असा हिमाचा हल्ला त्याच्यावर २५६ ठरतो. तेवढ्याच बळाचा अग्नीचा हल्ला मात्र ६२.५ वर येतो. म्हणजे बळ सारखे असूनही परिणामात चौपटीहून अधिक अंतर पडते. ड्रॅगनचा हल्लाही रेक्वाझाच्या वर्मी बसतो. पण ते शस्त्र दुधारी आहे. ड्रॅगन प्रकारचा प्राणी पाठविला, तर रेक्वाझाचे ड्रॅगन हल्ले त्यालाही तितकेच झोंबतात, आणि कोसळलेला प्राणी पुढे काहीच करू शकत नाही. म्हणून हिम व भूमी या प्रकारांचा ‘मॅमोस्वाइन’ येथे अधिक विश्वासाचा. तो मर्मावर घाव घालतो, आणि रेक्वाझाच्या ड्रॅगन वा उड्डाण प्रकारच्या हल्ल्यांनी त्याला विशेष इजा होत नाही. तात्पर्य, निवड करताना आपला घाव आणि शत्रूचा घाव या दोहोंचा विचार करावा लागतो.

आकाशाचाही यात वाटा आहे. बाहेरच्या खऱ्या हवामानाचे प्रतिबिंब खेळात उमटते. पावसात जल, विद्युत व कीटक या प्रकारांच्या हल्ल्यांना १.२ पट जोर चढतो. त्यामुळे भूमी प्रकारच्या ‘ग्राउडन’वर जलहल्ला करावयाचा असेल, तर पावसाळ्यातला दिवस आपल्या बाजूचा असतो.

या सर्व गणिताचे महत्त्व केवळ करमणुकीपुरते नाही. प्राणी वाढविण्यासाठी लागणारी ‘स्टारडस्ट’ श्रमाने साठवावी लागते, आणि एकदा खर्चिली की ती परत येत नाही. विनामूल्य प्रवेशिकाही मोजक्याच मिळतात. अधिक हव्या असल्यास खेळातील नाणी लागतात, आणि ती विकत घेण्याचा मोह मुलांना होतो. हा पैसा अर्थातच पालकांच्या खिशातून जातो. प्रकारांचा तक्ता ज्याने आत्मसात केला, त्याला असा खर्च क्वचितच करावा लागतो. सरसकट साऱ्यांना वाढविण्याऐवजी तो हिमाचे, जलाचे, विद्युतेचे निवडक प्राणी वाढवितो. खेळ स्वतःहून सहा प्राणी सुचवितो खरा. पण ती सूचना डोळे मिटून न स्वीकारता पारखून घेतो.

म्हणूनच मोठ्या आकड्यांचे प्राणी बाळगणाऱ्या प्रौढाशेजारी उभा असलेला एखादा शाळकरी मुलगा, योग्य प्रकारचे बेताचेच प्राणी घेऊन, त्या पाच मिनिटांत अधिक मोलाची कामगिरी बजावू शकतो. कोणाचे बळ किती, याआधी ते कोणाविरुद्ध वापरावयाचे, हा प्रश्न त्याने विचारलेला असतो.