खोक्यातले चारशे तीस घोडे

१९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं. ३.६ लिटरचं ते इंजिन ६५ अश्वशक्ती द्यायचं. त्या काळी ही चैनच होती. आज कॅलिफोर्नियातला एखादा हौशी त्याच गाडीच्या नाकात जनरल मोटर्सचं ६.२ लिटरचं एलएस-३ इंजिन बसवतो, तेव्हा ४३० घोडे जुंपले जातात. त्यात सरकारमान्य 'ई-रॉड' संच घेतला, तर गाडी प्रदूषणाच्या परीक्षेलाही बिनघोर उभी राहते.

'हॉट रॉड' म्हणजे जुन्या गाडीचं केलेलं वेगवान रूप. मडगार्ड काढायचे, छप्पर कापून बुटकं करायचं आणि इंजिन पिळून काढता येईल तेवढं पिळायचं. हा नाद दक्षिण कॅलिफोर्नियातला. म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पोरं शर्यती लावत. १९३७मध्ये त्यांनी वेळ मोजण्यासाठी रीतसर संघटना काढली आणि जानेवारी १९४८मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकही निघालं. भांडवल काय, तर भंगारातली गाडी, भंगारातलेच सुटे भाग आणि स्वतःचे काळे झालेले हात. १९५५मध्ये शेवरलेचं आटोपशीर व्ही-८ आलं आणि पुढची कित्येक वर्षं तेच या लोकांचं कुलदैवत होऊन बसलं.

याच प्रदेशाच्या आकाशात दुसरी गोष्ट शिजत होती. जुलै १९४३मध्ये लॉस एंजेलिसवर असा झोंबरा धुरकट पडदा उतरला, की जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी लोकांना शंका आली. कोडं सोडवलं ते आरी हागेन-स्मिट या डच रसायनतज्ज्ञाने. हे गृहस्थ कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादाची घटकद्रव्यं वेगळी काढत होते. त्याच तंत्राने त्यांनी शहराची हवा तपासली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की गाड्यांतून व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरतात ते या अभिक्रियेत तयार होणाऱ्या रसायनांनी. १९६७मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा संसाधन मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याचं पहिलं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं.

नंतरची दहा वर्षं हॉट रॉडवाल्यांच्या लेखी सुतकाची. १९७०चा स्वच्छ हवा कायदा आला, शिशाविना पेट्रोलसाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरलं आणि १९७५पासून बहुतेक नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. त्या वर्षीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीचं ५.७ लिटरचं मूळ इंजिन अवघी १६५ अश्वशक्ती द्यायचं. या आकड्यात एक मेख आहे, ती रडगाणं गाणारे सांगत नाहीत. १९७१पर्यंत कंपन्या इंजिन उघडंबोडकं, सायलेन्सर वगैरे न लावता मोजत आणि फुगवलेला आकडा छापत. १९७२पासून गाडीत बसल्यासारखं, सगळ्या जोडण्यांसह मोजणं सुरू झालं. म्हणजे काही घोडे खरोखर मेले, पण बरेचसे मुळात कागदावरचेच होते.

खरा अडसर होता हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा. पेट्रोल पूर्ण जळायचं, तर एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. धुरातली प्रमुख प्रदूषकं एकाच वेळी निस्तरणारा कन्व्हर्टर या प्रमाणाच्या अगदी जवळपासच नीट काम करतो. थंडी-उकाडा, चढ-उतार सांभाळून कार्ब्युरेटरला एवढा काटेकोर हात राखणं जमत नाही. १९७७च्या मॉडेलात व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला आणि इंजिनाला स्वतःचा श्वास तपासता येऊ लागला. मागोमाग संगणक आला, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलची वेगळी पिचकारी आली, इंजिन 'नॉक' करू लागताच ठिणगी मागे सरकवणारा सेन्सर आला. त्यामुळे १९७५च्या कॉर्व्हेटमध्ये ८.५ला अडकलेलं कॉम्प्रेशन एलएस-३मध्ये १०.७वर नेता आलं. लिटरमागे २९ अश्वशक्तीवरून ६९वर मजल गेली. ज्या कायद्याला शिव्या दिल्या, त्याच्याच धाकाने आलेल्या संगणकाने हे घोडे परत आणले. नाहीतरी धुराड्यातून न जळता गेलेलं पेट्रोल म्हणजे वाया गेलेली ताकदच.

'क्रेट इंजिन' म्हणजे कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येणारं कोरं इंजिन. २००९मध्ये जनरल मोटर्सने 'ई-रॉड' बाजारात आणलं, त्या खोक्यात इंजिनासोबत संगणक, वायरिंग, कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा आणि ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा होतं. पुढे सुपरचार्जरचं ५५६ अश्वशक्तीचं एलएसएही याच पंगतीत आलं. बसवणाऱ्याची खरी कसोटी जागेची. कन्व्हर्टर लवकर तापायला हवा, म्हणून तो इंजिनाजवळ लागतो; पण १९३२च्या बुटक्या गाडीत इंजिनाजवळ म्हणजे चालकाच्या तळपायाखाली. उष्णतारोधक पत्रा विसरलात, तर बूट भाजतात.

मग कायद्याची किंमत किती? साधं खोक्यातलं एलएस-३ ४३० अश्वशक्तीचं आणि 'ई-रॉड'मधलंही ४३०चंच. ताकदीत शून्य तोटा. मात्र याच इंजिनात 'हॉट' कॅमशाफ्ट घातलेल्या भावंडाच्या नावातच ४८०चा आकडा आहे: एलएस ३७६/४८०. त्याला 'ई-रॉड'ची मान्यता नाही. असा कॅमशाफ्ट आत येणारी आणि बाहेर जाणारी झडप थोडा जास्त वेळ एकदम उघडी ठेवतो. भरधाव असताना त्याचा फायदा होतो, पण गाडी जागेवर उभी असताना जळालेला धूर सिलिंडरमध्ये परत ओढला जातो, मिश्रण नीट न जळताच बाहेर पडतं आणि इंजिन अडखळत, थरथरत धडधडतं. ही दुडकी चाल ऐकायला हॉट रॉडवाले कान टवकारून बसतात. बुलेटचा सायलेन्सर बदलून गल्ली उठवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे वेगळं समजावायला नको! तेव्हा माझा हिशेब असा: कायद्याने घेतले ते पन्नासेक घोडे आणि तो आवाज. घोड्यांचं कुणी फारसं मनावर घेत नाही, आवाजाचं घेतात.

दुसरं दुखणं हातांचं. संचातला एखादा भाग बदलला की मान्यता धोक्यात. ज्या छंदाचा जन्मच खोलखाल करण्यातून झाला, त्यात 'झाकण उघडू नका' ही अट जाचणारच. ही तक्रार मला खोटी वाटत नाही.

कॅलिफोर्नियाने पळवाटही ठेवली आहे. घरी बांधलेल्या गाड्यांपैकी वर्षाला पहिल्या ५०० अर्जदारांना गाडीची बॉडी किंवा इंजिन ज्या सालच्या गाडीसारखं दिसतं, त्या सालाचे नियम लागू होतात. आणि १९७५ किंवा त्याआधीच्या गाडीला तिथे नियमित स्मॉग तपासणी द्यावीच लागत नाही. म्हणजे अस्सल १९३२च्या फोर्डच्या मालकावर हे स्वच्छ इंजिन घेण्याची तपासणीपायी तरी वेळ येत नाही.