सूर्यप्रकाशावर बोलणारा रेडिओ

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहून द्यावे, असे विश्वस्त मंडळींनी आम्हांस सुचविले. शिक्षणावर उपदेश पुष्कळ झाला आहे, म्हणून आम्ही येथे एका कामाची हकीगत व त्यामागील शास्त्र सांगणार आहोत. हे काम नववीच्या बारा मुलामुलींनी तिघातिघांचे चार गट करून पार पाडले. विजेच्या तारेवाचून, केवळ उन्हावर चालणारा रेडिओ तयार करणे, हे ते काम.

असल्या संचाची गरज काय, असे कोणी विचारील. सन 2019 च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना आलेला पूर वाचकांच्या स्मरणात असेलच. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोळ घटप्रभेच्या काठी. वीज गेली, पाठोपाठ मोबाईल निजले. घरात एक जुना ट्रान्झिस्टर होता, त्यावर बातम्या कळत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यातील सेल संपले आणि सेल मिळण्याचे दुकान तर पाण्याखाली! पाणी चढते आहे की उतरते आहे हे कळण्याचा मार्ग खुंटला. "सर, सेल संपणारच नाहीत असा रेडिओ करता येईल काय?" हा प्रश्न त्या मुलाने वर्गात विचारला आणि तेथून या कामास प्रारंभ झाला.

प्रथम थोडा इतिहास. प्रकाशापासून वीज निघते हे फ्रान्सच्या एदमों बेकरेल यांनी 1839 साली दाखविले. आपले आचार्य जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या खनिजाच्या ग्राहकाचे अमेरिकन पेटंट 1904 साली मिळाले. तो ग्राहक विद्युत्‌लहरींना प्रतिसाद देई आणि प्रकाशालाही. म्हणजे सूर्य आणि रेडिओ यांचे नाते आपल्याच देशातील एका शास्त्रज्ञाच्या हाती तेव्हाच लागले होते. पुढे 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला. पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे 6 टक्के भागाचीच तो वीज करी. तरी त्यावर एक खेळण्यातला पाळणा फिरला व रेडिओचा छोटा प्रक्षेपकही चालला. 1958 साली व्हॅनगार्ड उपग्रह आकाशात गेला. त्यातील साध्या बॅटरीवरचा प्रक्षेपक काही महिन्यांतच मुका झाला. सौरघटांवरचा मात्र 1964 पर्यंत बोलत राहिला. मुलांना ही गोष्ट सांगताच त्यांचा हुरूप दुणावला.

आता रचना पाहू. संचाचे तीन भाग आहेत: ऐकणारा, आवाज वाढविणारा आणि पोसणारा.

ऐकणाऱ्या भागात फेराइटची एक कांडी असते. तिच्यावर मुलामा दिलेल्या तांब्याच्या बारीक तारेचे 60 ते 80 वेढे द्यावयाचे. या वेटोळ्यास बदलता कंडेन्सर, ज्यास दुकानात 'गँग' म्हणतात, जोडला की हवे ते केंद्र निवडता येते. झोपाळ्यास त्याच्या लयीत झोका दिला तरच तो उंच जातो, तसेच हे आहे. गँग फिरविणे म्हणजे झोपाळ्याची लय बदलणे. वेटोळे कांडीच्या मध्यावरून टोकाकडे सरकविले तरी लय बदलते, हे मुलींच्या एका गटाने स्वतः ताडले. पुढे टीए 7642 नावाचा तीन पायांचा चिमुकला तुकडा येतो. 1972 साली इंग्लंडातील फेरांटी कंपनीने काढलेल्या झेडएन 414 या तुकड्याच्या वळणाचाच तो आहे. लहरीवर स्वार होऊन आलेला आवाज तो वेगळा काढतो. त्यास दीड व्होल्टहून कमी दाब पुरतो. तो आम्ही दोन डायोडांच्या साहाय्याने साधला. पुढे एलएम 386 हा तुकडा तो आवाज वाढवून कर्ण्याकडे धाडतो.

खरी गंमत पोसणाऱ्या भागात आहे. सिलिकॉनचा एक सौरघट, लहान असो वा मोठा, साधारण अर्धा व्होल्टच देतो. आकार वाढविला तर प्रवाह वाढतो, दाब नव्हे. दाब हवा तर घट एकापुढे एक जोडावे लागतात. आमच्या फलकात असे 18 घट, म्हणजे 9 व्होल्ट, आणि प्रवाह जास्तीत जास्त 100 मिलीअँपिअर. साठवणीस निकेल मेटल हायड्राइडचे, पुनःपुन्हा भरता येणारे चार सेल, प्रत्येकी 1.2 प्रमाणे 4.8 व्होल्ट. मग 9 कशाला, 6 व्होल्टचा फलक का नको? त्याचे उत्तर असे की, भरताना सेलांचा दाब साडेपाचाच्या वर चढतो. रात्री वीज उलटी फलकात झिरपू नये म्हणून मध्ये एक डायोड बसवावा लागतो, तोही आपली चौथाई घेतो. शिवाय फलक उन्हात तापला की त्याचा दाब उतरतो. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, ही समजूत अर्धीच खरी. प्रकाश हवा, उष्मा नको. म्हणून फलकाच्या पाठीमागे वारा खेळेल अशी जागा ठेवावी.

दुसरा धडा एका पिंपळपानाने दिला. ते एकाच घटावर पडले आणि फलकाचा सारा प्रवाह आटला. सांखळीने जोडलेल्या घटांत एक अडला की सगळे अडतात. पाण्याच्या नळीस कोठेही चिमटा घेतला तरी धार बारीक होते, तसेच हे. गटाने काम करण्याविषयी आम्ही जे तासभर सांगितले असते, ते या पानाने क्षणात सांगितले.

आता हिशेब. मध्यम आवाजात संच सुमारे 25 मिलीअँपिअर घेतो. रोज चार तास ऐकले तर 100 मिलीअँपिअर-तास झाले. भरताना काही भाग वाया जातो, म्हणून दीडपट धरावे. म्हणजे स्वच्छ उन्हात दीड तासात दिवसाची बेगमी होते. आषाढ-श्रावणात काळोखी दाटली की प्रकाश दशांशावर येतो. आठ तासांत जेमतेम 80 मिळतात, म्हणजे दोनएक तासांचे ऐकणे. परंतु 1000 मिलीअँपिअर-तासांचे सेल आधी पुरते भरलेले असतील, तर एक किरणही न पडता ते 40 तास, म्हणजे रोज चार तासांप्रमाणे दहा दिवस साथ देतात. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या एका आकड्यात आहे. फलकाचा प्रवाह सेलांच्या मानाच्या दशांशाइतकाच ठेवल्याने भरण्यावर देखरेख ठेवणारे वेगळे यंत्रही लागत नाही.

एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. आकाशवाणीने अलीकडे मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद करून एफएमवर भर दिला आहे. म्हणून संच करण्यापूर्वी जुन्या रेडिओवर आपल्या गावी मध्यम लहरींचे कोणते केंद्र दिवसा स्पष्ट येते ते पाहावे. न आल्यास ऐकणारा भाग एफएमचा तयार घ्यावा. पोसणारा भाग तोच चालतो. एफएम लहरी डोंगराआड फारशा जात नाहीत, हेही विसरू नये.

चारही संच बोलू लागल्यावर ते पाळीपाळीने बाराही घरी एकेक आठवडा राहिले. कोणाच्या आजीने पहाटेची भजने ऐकली, कोणाच्या अज्जीने कानडी शेतीवार्ता, तर कोणाच्या दादीने रमजानात सेहरी आटोपून बातम्या. बिघडलेली वस्तू टाकून न देता उघडून पाहावी, अशी दृष्टी मुलांना आली, हा लाभ आम्ही अधिक मोलाचा मानतो.

सभासद बंधुभगिनींच्या माळ्यावर जुने रेडिओ पडलेले असतील. त्यांतील फेराइटची कांडी, गँग आणि कर्णा बहुधा शाबूत असतात. ते भंगारात न देता जवळच्या शाळेस द्यावेत. पुढच्या पावसाळ्याआधी नदीकाठच्या एखाद्या घरी त्यांतून एक बोलता संच उभा राहिला, तर त्या घरी पाण्याची खबर वेळेवर पोहोचेल.