संगणकाच्या तासाला ध्वनीची शर्यत

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या तासाला तुम्ही नेमके काय करता? पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेत असाल, तर तो संगणक म्हणजे उजेड देणारा फळाच झाला!

मागे कळंब्यात नववीच्या काही मुलांना भेटलो. त्यांनी पडद्यावर वाचून वहीत लिहिले होते, 'ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला ३४० मीटर.' मी म्हटले, "आपणच मोजू या का?"

संगणक मैदानात नेला. समोरची उंच भिंत टेपने मोजली, ती १७.४ मीटरवर होती. ध्वनिमुद्रण सुरू करून मायक्रोफोनजवळ दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटले. पडद्यावरील आलेखात दोन टोके उमटली : उंच टोक मूळ आवाजाचे, बुटके प्रतिध्वनीचे. दोहोंत ०.१ सेकंदाचे अंतर होते. हाताने घड्याळ दाबायलाच आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात! संगणक मात्र आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो. दोन नोंदींच्या दरम्यान ध्वनी जेमतेम पाऊण सेंटिमीटर सरकतो.

जाऊन-येऊन ३४.८ मीटर, म्हणजे वेग सेकंदाला ३४८ मीटर. एका मुलीने हा आकडा खोडला आणि ३४० लिहिले. म्हणाली, "सर, पुस्तकात तसेच आहे ना!"

पुस्तक चुकले नव्हते, आणि तिचे मोजमापही नाही. शून्य अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ३४० हा साधारण १५ अंशांच्या हवेतील वेग. त्या दिवशी तापमान होते २८ अंश. करा बरे हिशेब! खोडलेला आकडाच खरा होता.

संगणकाचा असा उपयोग नवा नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत मुलांना 'एक्सओ' नावाचे चिमुकले संगणक मिळाले. अशा दोन संगणकांमधील अंतर आवाजाच्या साहाय्याने मोजणारा कार्यक्रमही तयार झाला.

शिक्षकबंधुभगिनींनी तासातील दहा मिनिटे अशा मोजणीला द्यावीत. आणि मित्रांनो, हाच प्रयोग थंडीतल्या सकाळी व मे महिन्याच्या दुपारी करा. वेग तोच येतो का, ते पाहा. मात्र आलेला आकडा खोडू नका. तो तसा का आला, हे शोधा.